पिक्चरचा पेपर फुटतो तेव्हा



मागच्या महिन्यात आपल्या एका श्रोत्या ताईंचा फोन आला. प्रश्न ना पिकाचा होता ना गटाच्या हप्त्याचा. त्या म्हणाल्या, "बाई, माझा पोरगा रात्री जेवला नाही. का, तर त्याला जो पिक्चर बघायचा होता त्याचा शेवट मित्रानं आधीच सांगून टाकला. मी म्हटलं, बरं झालं की, तिकिटाचे पैसे वाचले. तर माझ्यावरच चिडला. हे काय खूळ आहे, एकदा रेडिओवर सांगा."

खूळच आहे, पण साधंसुधं नाही. आपल्याकडे भरतीचा पेपर फुटतो, तसा हल्ली पिक्चरचाही पेपर फुटतो. पिक्चरचा पेपर म्हणजे पटकथा. कोण काय बोलणार, कोण मरणार, कोण कुणाचा कोण निघणार, हे सगळं जिच्यात लिहिलेलं असतं ती वही. ती फुटली, किंवा फुटली अशी नुसती आवई उठली, तरी जगभर लाखो माणसं कामधंदा सोडून तिच्यावर बोलत बसतात. या खुळाचा सगळ्यात मोठा नमुना अमेरिकेत १९९९ साली पाहायला मिळाला. आज तोच सांगते. ऐकता ऐकता तुम्हाला आपल्या गावातल्याही दोन-चार गोष्टी आठवतील.

अमेरिकेत जॉर्ज ल्यूकस नावाचे दिग्दर्शक आहेत. त्यांनी १९७७ साली 'स्टार वॉर्स' नावाचा पिक्चर काढला. स्टार वॉर्स म्हणजे ताऱ्यांमधल्या लढाया. विमानासारखी यानं एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जातात, उजेडाच्या तलवारी असतात, बोलणारी यंत्रं असतात. पण गोष्ट आपल्या ओळखीचीच: जुलमी राजवट, तिच्याविरुद्ध उठलेली थोडी माणसं, एक शेतावरचा पोरगा, एक राजकन्या आणि काळा मुखवटा घातलेला एक खलनायक. त्याचं नाव डार्थ व्हेडर. त्याच्या श्वासाचा घरघर आवाज ऐकला की पोरं आईला चिकटायची. १९८० साली दुसरा भाग आला, १९८३ साली तिसरा. त्यात कळलं की हा काळा राक्षस म्हणजे त्या शेतावरच्या पोराचा बापच. शेवटी बाप पोराला वाचवतो आणि मरतो. गोष्ट संपली.

मग सोळा वर्षं काही नाही. आणि सोळा वर्षांनी ल्यूकस पुढची नाही, आधीची गोष्ट घेऊन आले.

हे 'आधीची गोष्ट' प्रकरण आपल्याला नवीन नाही. रावण आपल्याला माहीत असतो तो सीतेला पळवणारा. पण गोकर्णाची गोष्ट सांगणारा सांगतो, की हाच रावण आपल्या आईच्या पूजेसाठी शंकराकडून आत्मलिंग आणायला गेला होता. वाटेत संध्येची वेळ झाली, गुराख्याच्या रूपात आलेल्या गणपतीच्या हातात त्यानं लिंग दिलं, गणपतीनं ते खाली ठेवलं आणि रावण रडकुंडीला आला. ऐकताना क्षणभर रावणाची कीव येते की नाही? पुढे हा काय करणार हे माहीत असूनही येते. ल्यूकस यांना हेच करायचं होतं. काळा मुखवटा चढण्याआधी तो माणूस कोण होता? तर तो नऊ वर्षांचा एक गुणी पोरगा होता, अ‍ॅनाकिन नावाचा. आईच्या मागेपुढे करणारा. त्या पोराचा राक्षस कसा झाला, ते तीन पिक्चरांत सांगायचं ठरलं. त्यातला पहिला 'द फँटम मेनेस'. तो १९ मे १९९९ रोजी अमेरिकेत लागला.

आता ही सोळा वर्षं मोजा. १९८३ साली जी पोरं आठ-दहा वर्षांची होती, ती एव्हाना चोवीस-सव्वीसची झाली. नोकरीला लागली, काहींची लग्नं झाली. पण लहानपणी पाहिलेला तो पिक्चर त्यांच्या मनात घर करून होता. १९९७ साली जुने तीन भाग नव्यानं दुरुस्त करून थिएटरात लावले, तेव्हा ती भूक आणखी पेटली. जत्रेच्या आधी पोरांना झोप लागत नाही, तसं मोठ्या माणसांचं झालं.

किती? ऐका. नोव्हेंबर १९९८ मध्ये नव्या पिक्चरची दोन मिनिटांची जाहिरात, म्हणजे ट्रेलर, निवडक थिएटरांत दाखवायला सुरुवात झाली. दाखवायची दुसऱ्याच पिक्चरच्या आधी. तर लोक त्या दुसऱ्या पिक्चरचं पूर्ण तिकीट काढायचे, दोन मिनिटं डोळे भरून ट्रेलर बघायचे, टाळ्या वाजवायचे आणि उठून घरी जायचे. तीन-तीन तासांचा पिक्चर रिकाम्या खुर्च्यांपुढे चालायचा. काही थिएटरवाल्यांनी मग युक्ती केली: ट्रेलर आधीही आणि पिक्चर संपल्यावरही. दुसऱ्यांदा बघायचंय ना, मग बसा गपचूप.

लॉस एंजेलिस शहरात चायनीज थिएटर नावाचं जुनं प्रसिद्ध थिएटर आहे. त्याच्या बाहेर एप्रिलच्या सुरुवातीलाच रांग लागली. म्हणजे सुमारे सहा आठवडे आधी. तिकीटविक्री सुरू व्हायची होती १२ मेला. फुटपाथवर झोपायचं, पाळ्या लावायच्या, दुसरा आला की पहिल्यानं अंघोळीला जायचं. रेशनच्या रांगेत पिशवी ठेवून जातो ना आपण, तसंच. पण या रांगेतल्या लोकांनी त्याच निमित्तानं आजारी मुलांसाठी पैसेही गोळा केले, तेही सांगायला हवं. नुसती टवाळी करून चालणार नाही.

या मालिकेतला तिसरा आधीचा भाग २००५ साली आला, तेव्हा तर गंमतच झाली. याच थिएटरबाहेर पुन्हा कित्येक आठवडे आधीपासून रांग लागली, आणि पिक्चर त्या थिएटरात लागणारच नव्हता. तसं कळल्यावरही लोक तिथेच बसून राहिले, म्हणाले, आमची जागा हीच.

असं सगळं असल्यावर पटकथेची वही म्हणजे सोन्याची लगडच झाली. आणि सोनं लपवायलाच लागतं. ल्यूकस यांना त्याची सवय आधीपासून होती. १९८० च्या भागात 'मीच तुझा बाप' हे जे गुपित होतं, ते त्यांनी कसं जपलं बघा. शूटिंगच्या वेळच्या कागदावर वेगळंच वाक्य होतं: तुझ्या बापाला तुझ्या गुरूनं मारलं. काळ्या पोशाखात उभा असलेला नट डेव्हिड प्राऊज, त्यानं कॅमेऱ्यासमोर तेच खोटं वाक्य म्हटलं. त्याचा आवाज नंतर काढून दुसऱ्याचा घालायचाच होता. खरं वाक्य कळलं ते पोराचं काम करणाऱ्या मार्क हॅमिल यांना, तेही कॅमेरा सुरू व्हायच्या जरा आधी. दिग्दर्शकांनी बजावलं, की हे आता आपल्या मोजक्याच माणसांत आहे, बाहेर फुटलं तर तूच फोडलंस असं आम्ही समजू. पुढे जेम्स अर्ल जोन्स यांनी त्या वाक्याला आवाज दिला, तेव्हा त्यांनाही वाटलं, हा काळा माणूस खोटं बोलत असणार. म्हणजे बोलणाऱ्यालाही खरं-खोटं ठाऊक नाही, एवढा पक्का बंदोबस्त.

१९८३ च्या भागाच्या वेळी आणखी वेगळं. अमेरिकेत उघड्यावर शूटिंग होतं तेव्हा सांगायचं की आम्ही 'ब्लू हार्वेस्ट' नावाचा भुताचा पिक्चर काढतोय. कामगारांच्या टोप्यांवर, बनियनवर तेच नाव छापलेलं. लोकांची गर्दी टाळणं हा एक हेतू होता. दुसरा तुम्हाला लगेच पटेल: मोठ्या पिक्चरवाल्यांचं काम आहे असं कळलं, की लाकूडवाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे भाव वाढवतात. लग्नाचा बस्ता आहे म्हटल्यावर दुकानदार साडीची किंमत कशी सांगतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

पण १९९९ पर्यंत एक नवी चीज आली होती: इंटरनेट. आपल्याकडे तेव्हा ते शहरांतसुद्धा थोड्यांकडे होतं. अमेरिकेत घरोघरी पोचत होतं. आधी गुपित फुटलं तर चार मित्रांत फुटायचं. आता एकानं रात्री काही लिहिलं, की सकाळी ते हजारो जणांनी वाचलेलं असायचं. आणि मग सुरू झाल्या आवया. पटकथा माझ्या हाती आलीय. माझ्या मेहुण्याचा मित्र स्टुडिओत सुतारकाम करतो, त्यानं पानं पाहिलीत. अमुक नट तमुक काम करणार. तरुण गुरूच्या कामासाठी केनेथ ब्रॅना या ब्रिटिश नटाचं नाव कितीतरी दिवस फिरत होतं. काम केलं इवान मॅक्ग्रेगर यांनी. पिक्चरचं नाव काय असणार यावरही पैजा. पूर्णच्या पूर्ण बनावट पटकथा लिहून लोकांनी त्या खऱ्या म्हणून फिरवल्या.

बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आपल्याला ऐकवतात ना? या सगळ्या उचापतींत पुढे होते ते बहुतेक शिकलेसवरलेले, कमावते पुरुष. तीळ तर सोडाच, त्यांच्या तोंडात साबुदाणाही भिजला नाही. एवढं फक्त लक्षात असू द्या, पुढच्या वेळी पारावर कोणी काही बोललं तर.

आता मला यात खरी मौज वाटते ती वेगळीच. खोटी पटकथा लोकांना खरी वाटायची आणि खरी गोष्ट खोटी. १९९८ च्या सप्टेंबरात पिक्चरचं खरं नाव जाहीर झालं, 'द फँटम मेनेस', म्हणजे न दिसणारं संकट. कितीतरी चाहत्यांना वाटलं ही थट्टा आहे, असं नाव कोण ठेवील? कारण सरळ आहे. बनावट पटकथा लिहिणारा लोकांना काय हवं ते ओळखून लिहितो. लोकांना हवी तलवार, तो देतो तलवार. लोकांना हवं काळ्या मुखवट्याचं दर्शन, तो देतो पहिल्याच पानावर. आणि खऱ्या पिक्चरची सुरुवात कशानं होती? व्यापारी मार्गांवरच्या करावरून झालेल्या भांडणानं! सोळा वर्षं वाट बघितलेल्या माणसाला कोणी आधी सांगितलं असतं, की बाबा, पडदा उघडल्यावर तुला कराचा तंटा वाचायला मिळणार आहे, तर त्यानं सांगणाऱ्याला वेड्यात काढलं असतं. 'गटाचं सगळं कर्ज माफ होणार' हा निरोप फोनवर आला की तो आपण दहा जणींना पाठवतो. 'हप्ता वेळेवर भरा' हा निरोप कोणी पुढे पाठवलेला मी अजून पाहिला नाही.

आणि वाट बघणं लांबलं की माणूस रिकाम्या जागेत स्वतःचं काही बांधायला लागतो. लग्न ठरून वर्षभर लांबलं, तर मुलगी न पाहिलेल्या घराची एक-एक खोली मनात सजवते. मग खऱ्या घरात पाऊल टाकलं की पहिल्यांदा दिसतं ते काय नाही तेच. या चाहत्यांनी सोळा वर्षांत मनात एक अख्खा पिक्चर काढून ठेवला होता. आवयांनी त्याला रोज नवी वीट दिली. १९ मे पर्यंत त्यांच्या मनातला पिक्चर पूर्ण झाला होता. मग ते ल्यूकस यांचा बघायला गेले.

त्याआधी आणखी एक सांगायचं राहिलं. गुपित जपा, गुपित जपा म्हणत ज्यांनी एवढे पहारे लावले, त्यांनीच ते दुकानात मांडलं. पिक्चरच्या जवळजवळ महिनाभर आधी टेरी ब्रुक्स यांनी लिहिलेली त्याच गोष्टीची कादंबरी विक्रीला आली. सगळी गोष्ट, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, रोख पैसे मोजा आणि वाचा. जॉन विल्यम्स यांच्या संगीताची सीडी मेच्या सुरुवातीला निघाली, तर तिच्या पाठीवरच्या यादीत एका तुकड्याच्या नावातच एका मोठ्या पात्राचा अंत आणि दुसऱ्यात त्याचे अंत्यसंस्कार! दुकानात सीडी हातात घेतलेल्या चाहत्यानं कपाळावर हात मारला असेल. म्हणजे फुटण्याचं दुःख नव्हतं. पैसे न देता फुटण्याचं होतं. पिक्चरला लागलेले सुमारे साडेअकरा कोटी डॉलर ल्यूकस यांनी स्वतःच्या कंपनीतून घातले होते, म्हणून मी त्यांना फार दोष देत नाही. पण गुपिताचं पावित्र्य वगैरे भाषा ऐकली की मला ती सीडी आठवते.

तर पिक्चर लागला. पैसा धो धो आला. त्या फेरीत जगभरात मिळून ९२ कोटी डॉलरच्या वर. लहान पोरं खूश. मोठे चाहते मात्र थिएटरातून बाहेर पडले ते तोंड पाडून. काही जण तर पहिल्यांदा पाहून म्हणाले छान आहे, पुन्हा पुन्हा पाहिला आणि मग चिडले. आपल्या मनातला पिक्चर हा नाहीच, हे उशिरा उतरलं.

आता चिडलेला घोळका कुणावर हात टाकतो? ज्यानं लिहिलं, दिग्दर्शन केलं, पैसे घातले, ते ल्यूकस मोठे माणूस. त्यांच्यावर टीका झालीच, कमी नाही झाली. पण त्यांच्याकडे घर होतं, कंपनी होती, नाव होतं. खरा मार पडला दोघांवर.

एक अहमद बेस्ट. तेव्हा वय पंचवीस-सव्वीस. रंगमंचावर तालवाद्यांचा नाचता-वाजवता खेळ करणारा गुणी काळा कलाकार. या पिक्चरमध्ये जार जार बिंक्स नावाचं एक लांब कानांचं, धडपडणारं, विनोदी पात्र आहे. ते पडद्यावर दिसतं संगणकानं काढलेलं, पण त्याची चाल, त्याच्या हालचाली, त्याचा आवाज अहमद यांचा. संगणकी पात्रामागे जिवंत नटानं असं पूर्ण काम करण्याचे ते सुरुवातीचे दिवस होते. पुढे हीच पद्धत सगळीकडे रूढ झाली. पण तेव्हा कुणी त्याचं कौतुक केलं नाही. सगळ्या पिक्चरवरचा राग त्या पात्रावर निघाला आणि पात्राला तोंड नव्हतं म्हणून माणसावर निघाला. काही समीक्षकांनी लिहिलं, की हे पात्र काळ्या लोकांची टिंगल करणाऱ्या जुन्या साच्यातलं आहे. त्या टीकेत विचार करण्यासारखं काही असेलही, पण पात्र लिहिलं कुणी आणि बोलणी खाल्ली कुणी? घरी बसून पिक्चर नव्यानं कापून, जार जारचे बरेच प्रसंग काढून टाकलेल्या प्रती लोकांनी एकमेकांत फिरवल्या. कुणाच्या दोन वर्षांच्या मेहनतीला कात्री लावून लोक म्हणत होते, आता कसा छान झाला.

अहमद यांनी २०१८ साली सगळ्यांसमोर सांगितलं, की त्या काळात ते न्यूयॉर्कच्या पुलावर जीव द्यायच्या विचारापर्यंत पोचले होते. हे सांगताना त्यांनी त्याच पुलाजवळचा आपल्या लहान मुलासोबतचा फोटो लावला होता. (इथे थांबून एक सांगते. आपल्या घरात, शेजारात कुणी असं निराश बोलत असेल तर ते थट्टेवारी नेऊ नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.)

दुसरा जेक लॉइड, तो नऊ वर्षांचा अ‍ॅनाकिन झालेला पोरगा. शूटिंगच्या वेळी आठ वर्षांचा, पिक्चर लागला तेव्हा दहाचा. दहा वर्षांच्या पोराच्या अभिनयाची मोठमोठ्या माणसांनी चिरफाड केली. त्यानं मोठेपणी, २०१२ साली सांगितलं, की शाळेतली मुलं त्याला बघून उजेडाच्या तलवारीचा आवाज काढायची, फार छळायची. त्यानं नंतर अभिनय सोडला. मग जगानं आणखी एक आवई तयार केली: या पिक्चरनं त्या पोराचं वाटोळं केलं. पण त्याच्या आईनं २०२४ साली सांगितलं, की तसं नाही, टीकेपासून त्याला दूर ठेवलं होतं, तेव्हा तो सायकल फिरवत होता, खेळत होता. अभिनय सोडायचं कारण घरचं होतं. म्हणजे आधी पिक्चरबद्दल आवया, मग पोराबद्दल आवया. त्याच्या तोंडचं आणि त्याच्या आईच्या तोंडचं ऐकायला पंचवीस वर्षं गेली.

अहमद यांचं पुढे काय झालं ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही. १९९९ साली जी पोरं सात-आठ वर्षांची होती, त्यांना जार जार आवडला होता. त्यांच्या मनात आधीचा कुठलाही पिक्चर बांधून तयार नव्हता. त्यांनी पाहिलं ते पाहिलं. ती मोठी झाली. २०१९ साली शिकागोत चाहत्यांचा मेळावा होता, पिक्चरला वीस वर्षं झाल्याचा. अहमद व्यासपीठावर आले तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं, टाळ्या थांबेनात. २०२३ साली याच जगातल्या एका मालिकेत त्यांना पुन्हा काम मिळालं, या वेळी तोंड झाकलेलं नाही, स्वतःच्या चेहऱ्यानं, लहान बाळाला वाचवणाऱ्या योद्ध्याचं.

पटकथा फुटण्याची आणखी एक छोटी हकीकत. हा भाग आधीच्या गोष्टीचा नाही, याच मालिकेतला शेवटचा, २०१९ चा. त्यात काम करणारा जॉन बोयेगा नावाचा तरुण नट घर बदलत होता. पटकथा पलंगाखाली ठेवली, सकाळी घेऊ म्हणाला, रात्री मित्र आले, गप्पा रंगल्या, वही तिथेच राहिली. काही आठवड्यांनी घर साफ करायला आलेल्या माणसाला ती सापडली. त्या माणसानं ती विकायला लावली. किती किमतीला? ६५ पौंडांना. तेव्हाचे आपले सुमारे सहा हजार रुपये. जिच्यासाठी कंपनीनं पहारे बसवले होते, ती वही साफसफाई करणाऱ्याच्या लेखी वापरलेली वही होती, किंमत लावली तशीच. कंपनीला सुगावा लागला आणि विकली जाण्याआधी तिनं ती परत मिळवली. नटानं हसत चूक कबूल केली. तो हसू शकला. सफाई करणाऱ्याचं काय झालं, ते कुठल्या बातमीत मी वाचलेलं नाही, कुणी विचारलंही नसावं. पलंगाखाली केरसुणी घालणाऱ्या माणसानं काय सापडलं तर काय करावं, हा प्रश्न तुमच्यापैकी शहरात घरकाम केलेल्या कितीतरी जणींना ठाऊक आहे. जुनी वही रद्दीत टाकली तर ओरडा, ठेवली तर ओरडा.

आता त्या ताईंच्या पोराकडे वळायचं, तर शेवट कळल्यानं गोष्ट खरंच मरते का? गोकुळाष्टमीच्या कीर्तनाला येणाऱ्या कोणत्या बाईला कंस मरणार हे माहीत नसतं? तरी बुवा कारागृहाची दारं उघडतात, वसुदेव टोपली डोक्यावर घेतो, यमुनेचं पाणी चढायला लागतं, आणि मांडवात सगळ्या बायका श्वास धरून बसतात. सत्तर वेळा ऐकलेली गोष्ट असते. पोराचा राग मी खोटा म्हणत नाही. पहिल्यांदा धक्का बसण्याची मजा एकदाच असते, ती त्याच्याकडून मित्रानं हिसकावली. त्यावर चिडायचा त्याला हक्क आहे. पण जेवायला हरकत नव्हती.

आणि आधीच्या गोष्टीत तर शेवट फुटायचा प्रश्नच नसतो. शेवट सगळ्यांना १९८३ पासून ठाऊक आहे. पोरगा राक्षस होणार. 'द फँटम मेनेस'मध्ये मला स्वतःला जे आवडतं ते त्यामुळेच आवडतं, आणि ते तलवारी, यानं यांच्यात नाही. त्या पोराची आई आहे, श्मी नावाची. स्वीडनच्या पर्निला ऑगस्ट या बाईंनी तिचं काम केलंय. आई आणि पोरगा दोघंही वाळवंटातल्या ग्रहावर एका भंगारवाल्याचे गुलाम. बाहेरून आलेला एक योद्धा पोराचे गुण ओळखतो आणि मालकाशी पैज लावतो. मालक दोघांना पणाला लावत नाही, म्हणतो एकच. मग एका फाशावर ठरतं, आई की पोरगा. आपल्याला द्यूतसभा माहीत आहे, फाशावर माणूस लावलं की काय होतं ते कोणी सांगायला नको. फाशात पोरगा येतो. पैज जिंकल्यावर पोरगा सुटतो, आई गुलामच राहते.

त्या पोराला निघायचं असतं. घरापासून चार पावलं जातो, पळत परत येतो, म्हणतो मला नाही जमत. आई त्याला जवळ घेते आणि सांगते, जा, मागे वळून बघू नकोस. शाळेसाठी, कामासाठी, ऊसतोडीला जाताना आजीकडे, ज्या ज्या बाईनं आपलं मूल दूर ठेवलंय तिला हे वाक्य पाठ असेल. पोरगा वळतो आणि चालायला लागतो. तो पुढे कोण होणार हे थिएटरातल्या प्रत्येकाला माहीत आहे, पॉपकॉर्न विकणाऱ्यालाही माहीत आहे. एकटीला माहीत नाही, ती दारात उभी आहे. कुठल्याही फुटलेल्या पटकथेत हा प्रसंग दोन ओळींचा असेल: आई निरोप देते, मुलगा जातो.

वेळ संपत आली. पुढच्या बुधवारी याच वेळी पावसाळ्यात धान्याला लागणाऱ्या किडीबद्दल बोलू. ज्यांनी कडुनिंबाच्या पाल्याबद्दल विचारलं होतं त्यांनी वही-पेन घेऊन बसा. नमस्कार.